कंसातलं ‘ध्व.’

जूनचा पहिला आठवडा संपत आला होता. आईचा गुडघा दाखवायला मी तिला उमरखेडमधल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. पेरणीच्या तोंडावरचे दिवस, त्यामुळे बाकावर गर्दी कमी होती. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे आणि मायाळू. त्यांनी विचारलं, “आजी, दुखतं का?” आई सरसावून बसली. “दुखते म्हंजे, ठनकत नाई डॉक्टरसाहेब. मधीच एक चमक निंगते, मंग दिसभर ठसठस करते. रात्री वरून हात बी लावू देत नाई, हुळहुळते.” डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर एकच शब्द लिहिला, ‘पेन’.

घरी येताना ऑटोत मी आईच्या शब्दांचाच विचार करत होते. ठणका म्हणजे ठोका. त्याला लय असते, नाडीसारखा तो नेमाने येतो. चमक एकदाच येते, वीज लवून जावी तशी, आणि ती गेल्यावरही माणूस पाय टेकवायला धजत नाही. ठसठस आतली, पिकत आलेल्या गळवाची. हुळहुळणं वरचं, कातडीचं. दुखणं कुठे आहे, किती खोल आहे, किती वेळ राहतं आणि कुठल्या तालात येतं, हे सगळं आईने दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. त्यासाठी तिला कुठलं शास्त्र शिकावं लागलं नव्हतं. हे शब्द तिला तिच्या आईने दिले, आणि तेही मुद्दाम बसवून नाही. कुणाच्या तरी उशाशी बसल्या बसल्या ते कानावर पडले असतील.

जपानमध्ये दवाखान्यात गेलं तर डॉक्टर स्वतःच असे शब्द पुढे ठेवतात. झुकिझुकि दुखतंय की शिकुशिकु? झुकिझुकि म्हणजे आपला ठणका, ठोक्यागणिक येणारा. डोकं गानगान करतं तेव्हा आत कुणी घण घालत असतं. पोटात किरिकिरि होतं तेव्हा कुणी गिरमिट फिरवतंय असं वाटतं. चिकुचिकु म्हणजे सुया टोचणं. खरचटलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या कातडीला हिरिहिरि होतं. हिरिहिरि आणि हुळहुळ हे दोन शब्द पहिल्यांदा एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसले होते. दोन्ही ‘ह’ने सुरू होतात, दोन्हींत श्वास बाहेर सोडावा लागतो. भाजल्यावर आपण फुंकरच तर घालतो.

मी जपानी शिकले पुण्यात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. बरीच वर्षं तिथेच शिकवलं. आई एकटी पडली तशी उमरखेडला परत आले, आणि आता माडीवरच्या खोलीत संध्याकाळी सात मुलींचा वर्ग घेते. बहुतेकींचं नर्सिंग झालेलं आहे. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला माणसं हवी आहेत. भारत आणि जपान यांच्यात २०२१च्या जानेवारीत त्यासाठी करार झाला आणि आमच्या तालुक्यातल्या मुलींनाही ती वाट दिसू लागली. त्यासाठी एन-फोरच्या पातळीचं जपानी यावं लागतं, शिवाय शुश्रूषेच्या भाषेची वेगळी परीक्षा असते. पुस्तकात व्याकरण आहे, अंक आहेत, औषधांची नावं आहेत. पण ऐंशी वर्षांची एखादी आजी पलंगावर पडून कण्हत असेल, तर ती पुस्तकातलं वाक्य बोलणार नाही. ती म्हणेल, शिकुशिकु. तो शब्द जिला कळेल, तिलाच त्या आजीचा हात कुठे धरायचा ते कळेल. म्हणून मी हे शब्द जीव तोडून शिकवते.

पण ते शिकवायचे कसे, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. शिकुशिकुचा अर्थ मी फळ्यावर लिहिला: पोटात किंवा दाढेत होणारं मंद, न थांबणारं दुखणं. मुलींनी उतरवून घेतला. वहीत अर्थ गेला, पण कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी सांगितलं की हाच शब्द रडण्यालाही लावतात. मोठ्याने नाही, कोपऱ्यात बसून, कुणाला न कळवता कुणी रडत असेल तर ती शिकुशिकु रडते. क्षणभर शांतता झाली. ढाणकीकडून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “मंग पोट मुसमुसते म्हना ना, मॅडम.”

पोट मुसमुसतं. असं मराठीत कुणी म्हणत नाही. पण त्या खोलीतल्या एकीलाही ते समजावून सांगावं लागलं नाही. मराठीतलं रडणं तिने उचललं आणि पोटात नेऊन ठेवलं. मी खडू खाली ठेवला. त्या दिवशी ठरवलं, की यापुढे या शब्दांचा अर्थ फळ्यावर लिहायचा नाही.

जपानीत या शब्दांचे प्रकार केलेले आहेत. ऐकू येणाऱ्या आवाजाची नक्कल करतात ते गिओन्गो. ज्याला आवाजच नाही अशा स्थितीचं, हालचालीचं, चकाकीचं, स्पर्शाचं वर्णन करतात ते गिताइगो. मनाची अवस्था सांगणाऱ्यांना काही जण गिजोगो म्हणतात. ओनो मासाहिरो यांनी २००७ साली काढलेल्या कोशात असे ४,५०० शब्द आहेत. आपल्या शालेय व्याकरणात मात्र अभ्यस्त शब्दांच्या धड्यात ‘अनुकरणवाचक’ असं एक छोटं उपशीर्षक असतं, त्याखाली किरकिर, गुणगुण, वटवट अशी चार-सहा उदाहरणं, आणि पुढचा धडा सुरू होतो. जणू ही भाषेची अंगणातली धूळ आहे, ती माजघरात यायची नाही.

शाळेत असताना मी निबंधात लिहिलं होतं, ‘रात्री पाऊस भदाभदा पडला.’ वही परत आली तेव्हा ‘भदाभदा’वर लाल शाईची रेघ होती आणि वर लिहिलं होतं, ‘मुसळधार’. मुसळधार हा चांगलाच शब्द आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण त्या रात्री आमच्या पत्र्यावर जे पडत होतं त्यात धार नव्हती. कुणी वरून हंडे उपडे करावेत तसं ते अंगावर आल्यासारखं पडत होतं. मी ऐकलेलं लिहिलं होतं आणि ते चूक ठरलं होतं. त्यानंतर किती वर्षं मी कागदावर पाऊस नीट पाडू शकले नाही.

पुढे वाचनालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाती आला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले ते जाडजूड खंड. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी चौकोनी कंसात त्याचं मूळ दिलेलं असतं: संस्कृत, फारसी, अरबी, कानडी, पोर्तुगीज. शब्द कुठल्या गावाहून आला ते सांगणारा तो छोटासा दाखला. मी एकदा ‘खडखड’ काढला, मग ‘गडगड’ काढला. कंसात एवढंच होतं: ‘ध्व.’ म्हणजे ध्वनीवरून. मला त्या एका अक्षराने काय मिळाल्यासारखं वाटलं ते सांगणं कठीण आहे. या शब्दाला दुसरं गाव नाही. तो कुठल्या राजाबरोबर, कुठल्या व्यापाऱ्याबरोबर आला नाही. ढग, दगड, गाडीचं चाक आणि माणसाचं तोंड यांच्या मध्ये तो इथेच जन्मला. खरंतर दर वेळी उच्चारताना तो पुन्हा जन्मतो.

कोरोकोरो आणि गोरोगोरो हे शब्द मी खाली स्वयंपाकघरात शिकवले. आईकडून एक लिंबू मागून घेतलं आणि शहाबादी फरशीवरून सोडलं. ते कोरोकोरो गेलं. “घरंगळलं,” मुली म्हणाल्या. मग पाट्यावरचा वरवंटा घेतला. आई ओरडली, “फरशी फोडता काय व?” वरवंटा आडवा ठेवून हळूच ढकलला. तो दणदणत, जमिनीला कळेल असा निघाला. काही सांगायच्या आधीच दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, “गोरोगोरो!” क-चा ग झाला आणि लिंबाचा वरवंटा झाला. मी सगळ्यांना गळ्यावर दोन बोटं ठेवायला लावली. ‘क’ म्हणताना गळा गप्प असतो, ‘ग’ म्हणताना आत गुणगुण सुरू होते. ती कंपनं खालच्या सुरातली असतात. जगात मोठ्या, जड वस्तूंचा आवाजही खालच्या सुरातलाच असतो. पातेलं टणटणतं, रांजण घुमतो. गळ्याला हे माहीत आहे.

जपानीत ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. चांदणं किराकिरा करतं, डोळ्यांवर येणारं ऊन गिरागिरा. सुट्या दाण्यांसारखं काही परापरा पडतं, मोठं आणि विस्कळीत असेल तर बाराबारा. हे शिकवता शिकवता मला आपल्याच जोड्या ऐकू येऊ लागल्या. देवघरातली घंटी किणकिण करते, देवळातली घंटा घणघण. वीज कडकडते, ढग गडगडतात. बाजेची कुरकुर, कुत्र्याची गुरगुर. ओठांत असतं ते पुटपुटणं, चव्हाट्यावर येतं ती बडबड. आपल्याकडे तर महाप्राणाची आणखी एक पायरी आहे, जी जपानीला नाही. थेंब टपटप पडतात, आई बाळाच्या पाठीवर थपथप करते, आणि रागावलेलं माणूस धपधप पाय आपटत निघून जातं.

आणि गोरोगोरो? जपानीत दगड गडगडत जातो तेव्हाही गोरोगोरो आणि आभाळ गरजतं तेव्हाही गोरोगोरो. मराठीत दगडही गडगडतो, आभाळही गडगडतं. वर कुणीतरी मोठमोठे धोंडे लोटतंय, अशी कल्पना उमरखेडच्या आणि जपानच्या माणसाने वेगवेगळी, एकमेकांना न विचारता केली आहे. या दोन भाषांचं कूळ एक नाही, त्यांच्या पूर्वजांची कधी गाठ पडल्याचं कुणी दाखवलेलं नाही. पण तोंड एकाच घडणीचं आहे आणि आभाळही.

अशा साम्यांचा मोह फार आवरावा लागतो, हेही मी शिकले आहे. व्होल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली लोकांपुढे दोन आकृत्या ठेवल्या, एक टोकदार आणि एक गोलसर, आणि दोन निरर्थक नावं दिली. बहुतेकांनी कठोर उच्चाराचं नाव टोकदार आकृतीला दिलं. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ साली तोच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या नावांनी पुन्हा मांडला. हे खरं आहे. पण शिकुशिकु ऐकून कुणा मराठी माणसाला आपोआप पोटदुखी आठवणार नाही, आणि ‘चुटपुट’ ऐकून जपानी माणसाला काही लागून राहणार नाही. आवाज दार किलकिलं करतो एवढंच. आत जायला त्या घरात राहावं लागतं.

तरी लहान मुलांना तो आवाज हात देतो. इमाइ मुत्सुमि आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तीन वर्षांच्या जपानी मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. चालण्याच्या तऱ्हा दाखवल्या आणि प्रत्येकीला नवंच क्रियापद दिलं. जिथे शब्दाचा नाद त्या चालीला शोभणारा होता, तिथे मुलांनी तो शब्द नीट उचलला, दुसरं कुणी तसं चालताना दिसलं तरी ओळखला. जिथे शब्द कोरडा होता तिथे ती गोंधळली. वाचून मला बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी बाई आठवली. ती बोलते त्यातलं निम्मं असंच असतं. भाषा आपल्याला पहिल्यांदा भेटते ती अंगाला हात लावत.

उमरखेडची हवाच मुळी अनेक नादांची आहे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा, नदीबरोबर खाली गेलं की आदिलाबादकडची तेलुगू. तांड्यावर गोरमाटी, बाजारात दखनी, जिल्ह्याच्या पूर्वेकडे कोलामी आणि गोंडी. मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडच्या कोलामीचं व्याकरण लिहिलं, ते १९५५ साली प्रसिद्ध झालं. त्याच माणसाने १९६९ साली एक निबंध लिहून दाखवलं की ही जोडशब्दांची, नादशब्दांची घडण भारतात आर्य आणि द्राविडी दोन्ही कुळांत पसरलेली आहे. शेजारी राहून माणसं एकमेकांचे शब्द घेतात हे ठाऊक होतं. पण ती एकमेकांचे कानही घेतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. सोमवारी भाजी घ्यायला गेलं की मी आता तेच ऐकत असते. मिरची झोंबल्यावर गोरमाटी बोलणारी बाई आणि तेलुगू बोलणारा माणूस दोघेही तोंडाने जे करतात, ते कुठल्या भाषेचं म्हणायचं?

माडीवरच्या भिंतीवर जपानी अक्षरांचा तक्ता आहे. पहिल्याच दिवशी मुली तो वाचतात: अ, इ, उ, ए, ओ. मग खालच्या ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. कुणीतरी म्हणतंच, “मॅडम, हे तर आपलंच हाय.” आहेच. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी तिकडे गेली आणि वर्णमालेचा हा क्रम तिच्याबरोबर गेला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला. ७५२ साली नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे त्याने कुंचल्याने रेखले, तेव्हा त्या कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हातात धरले होते. दोर धरून उभ्या राहिलेल्यांत कुणाकुणाच्या मनात काय असेल, असं मला तक्त्याकडे बघताना वाटतं.

तक्त्यात एक जागा मात्र मुलींना खटकते. ‘म’च्या आधी ‘प’ हवा, तिथे ‘ह’ बसला आहे. फार पूर्वी तिथे ‘प’च होता. शेकडो वर्षांत ओठ हळूहळू सैल पडत गेले, ‘प’चा फुंकरीसारखा ‘फ’ झाला आणि त्याचा पुढे ‘ह’. पण नादशब्दांनी आपला ‘प’ सोडला नाही. चकाकणं या अर्थाचं क्रियापद आज ‘हिकारु’ आहे, चकाकीचा नादशब्द मात्र ‘पिकापिका’च राहिला. पिल्लाला ‘हियोको’ म्हणतात आणि ते ओरडतं ‘पियोपियो’. मुलींना पिकाचू ठाऊक असतो. पिका म्हणजे ठिणगीची लकाकी, चू म्हणजे उंदराचं चू-चू, असं सांगितलं की त्यांचे डोळेही पिकापिका होतात. सगळं घर नवं बांधलं तरी जातं तेवढं कुणी हलवत नाही, तसे हे शब्द. जुन्या भाषेचा ‘प’ पोरांच्या खेळण्यात जिवंत राहिला.

आणि घडण बघावी तर मन हरखून जातं. थेंब एकदा पडला की ‘पोत्सुन’, पडत राहिले की ‘पोत्सुपोत्सु’. आपला थेंब एकदा पडला की ‘टपकन’, पडत राहिला की ‘टपटप’. एकदाच घडणाऱ्याला शेपटी, पुन्हा पुन्हा घडणाऱ्याला दुप्पट. छातीत धडधड करतं हे जपानीत ‘दोकिदोकि सुरु’ असं सांगतात. सुरु म्हणजे करणं. इंग्रजीतून शिकताना जी वाक्यं विद्यार्थ्यांना अवघड जातात, ती मराठीतून नुसती हात धरून नेतात. २०१९ साली छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडिवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारलं होतं, कुठली परदेशी भाषा शिकाल? त्यांनी रोबो आणि यंत्रांच्या ओढीने जपानी निवडली. ती बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, त्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं, की तुमची बोली तुम्हाला मागे ओढणार नाही. या भाषेच्या अर्ध्या रस्त्यापर्यंत ती तुम्हाला पोचवून देईल.

जपानमध्ये मियाझावा केंजी नावाचा लेखक होऊन गेला. इवाते नावाच्या थंड, अवर्षणाच्या आणि हिमाच्या शेतकरी मुलखातला. १९२१ ते १९२६ तो हानामाकीच्या शेतकी शाळेत मास्तर होता, पुढे गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना खताचं गणित करून द्यायचा. १९३३ साली अवघ्या ३७व्या वर्षी तो गेला. त्याच्या गोष्टींतला वारा, बर्फ, गाडी, मांजर यांचे आवाज कुठल्या कोशात नव्हते, त्याने ते कान लावून स्वतः घडवले. नादशब्द पोरकट, असं म्हणणारी माणसं तिकडेही आहेत. पण शेताच्या बांधावर उभं राहून ऐकणाऱ्या त्या मास्तराची पुस्तकं आज जपानमधलं मूल न मूल वाचतं. आमच्या मुलखात सोयाबीन आणि कापसाच्या बांधावर उभं राहून कुणी कान लावला तर किती सापडेल! रिमझिम आणि रिपरिप यांतला फरक शहरात मनाच्या लहरीचा असतो. इथे तो पिकाचा असतो. रिमझिम लागली की घरात समाधान असतं. कापणीला आलेल्या सोयाबीनवर रिपरिप सुरू झाली की माणसं ओसरीवर येऊन नुसती उभी राहतात, बोलत नाहीत.

त्या न बोलण्यालाही शब्द आहेत. जपानी चित्रकथांत रिकाम्या चौकटीत मोठ्या अक्षरांत ‘शीऽन’ लिहिलेलं असतं. तो शांततेचा आवाज. आपल्याकडे सामसूम, शुकशुकाट. सगळे श आणि स, नुसती हवा. पण रानातल्या रात्रीला आपण ‘किर्र’ म्हणतो, कारण आपली शांतता रातकिड्यांनी भरलेली असते. बर्फ आवाज न करता पडत राहतो त्याला जपानीत ‘शिनशिन’ म्हणतात. हा एक शब्द मी अजून शिकवू शकलेले नाही. मी जिनिंगमध्ये हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंची आठवण करून दिली, मुलींनी मान डोलावली. पण जिनिंगची घरघर त्यांच्या कानांत होती आणि ती निघेना.

गेल्या आठवड्यात ढाणकीच्या मुलीचं जायचं पक्कं झालं. तारीख आली, तिकीट यायचं आहे. वर्ग संपल्यावर ती मागे रेंगाळली. “मॅडम, हुरहुर कशी म्हनाची जपानीत?”

मी सोवासोवा सांगितलं. जायच्या आधी पाय एका जागी ठरत नाहीत, सारखी चुळबुळ होते, ते. ती म्हणाली, तसं नाही. हाराहारा सांगितलं, काही वाईट तर होणार नाही ना, अशी धाकधूक. तेही नाही. मग मोयामोया, मनात धुकं साचल्यासारखं. ती थोडा वेळ थांबली आणि तिने मान हलवली. “अजून गेली बी नाई मी,” ती म्हणाली, “आन् घरात बसूनच घराची आठवन येते. तसं.” मला सांगता येईना. आपल्याकडे रुखरुख वेगळी, चुटपुट वेगळी, तगमग वेगळी आणि हुरहुर वेगळी. ४,५०० शब्दांच्या कोशात नेमकं या जागेवर ठेवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

तिने वही उघडली आणि परक्या शब्दांसाठी असतात त्या काताकाना अक्षरांत ‘हुरहुर’ लिहायला घेतलं. जपानीत ‘हु’ नाही. ‘ह’च्या ओळीत तिसरं अक्षर येतं ते ‘फु’, दोन ओठांमधून हलकेच फुंकर घातल्यासारखं, ‘प’ निघून गेल्यावर आणि ‘ह’ यायच्या आधी ओठांवर थांबून राहिलेलं. त्यामुळे तिच्या वहीत उतरलं ते ‘फुरुफुरु’. मी दचकले. फुरुफुरु हा जपानी शब्द आहे. ओठ, पापणी, हातातलं पान असं काहीतरी अगदी बारीक थरथरतं, त्याला तो म्हणतात. तिला ते ठाऊक नव्हतं, मी कधी शिकवलेला नव्हता.

वही तपासायला म्हणून लाल पेन माझ्या हातातच होतं. तिने शब्दापुढे अर्थासाठी जागा मोकळी सोडली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. खाली अंगणात पत्र्यावर काहीतरी एकदा वाजलं. मग थोडं थांबून पुन्हा. “पानी आलं का व?” आईने खालून विचारलं. आम्ही दोघी उत्तर न देता ऐकत राहिलो.